तिसऱ्या मोहाखाली

मु. आंबाटोला, सालेकसा
चैत्र शुद्ध ५, शके १८५७, सोमवार
(८ एप्रिल १९३५)

सौ. शामकला हीस खेमराजकडून आशीर्वाद. येथे आई व मी ठीक आहोत. तुझी, तुझ्या आईवडिलांची व घरातील सर्वांची खुशाली कळावी.

पत्र मुद्दाम पाकिटातून पाठवीत आहे. कार्ड टाकले असते तर गोरेगावच्या टपालापासून तुमच्या ओसरीपर्यंत चार जणांनी वाचले असते. तू दुसरीपर्यंत शिकलेली आहेस, सावकाश वाचलेस तर सगळे लागेल. तू अडखळतेस ती जोडाक्षरे मोठी काढली आहेत.

प्रथम पायाचे लिही. फोड फुटले असतील तर चुन्याची निवळ आणि जवसाचे तेल एकत्र घोटून लावावे. ओल्यात उभे राहू नये. उजव्या टाचेचा फोड मोठा होता. तो मी पाहिला होता, असे तुला वाटले नसेल.

इकडे लाखोरीचे पीक निघाले. जवसही निघाला. पांढऱ्या बैलाच्या खांद्याला जखम झाली होती, ती सुकत आली. शेताच्या धुऱ्यावरच्या पहिल्या दोन मोहांची फुले आई आणि मी रोज पहाटे वेचतो व अंगणात वाळत घालतो. तिसऱ्या झाडाची यंदा वेचली नाहीत. चितळ येऊन खातात. आई रोज बोलते, पण वेचली नाहीत. मनिराम कोटवाराची जन्म-मृत्यूची वही नेहमीप्रमाणे मीच लिहून देतो. या पंधरवड्यात गावात दोन जन्म, मृत्यू नाही.

वर ठीक आहे असे लिहिले, ते आईच्या ऐकण्यासाठी. तुला खरे लिहितो. बरगड्यांच्या खाली, मध्ये, लिंबाएवढा गोळा धरतो. सकाळी उठताना असतो, दुपारी वर चढतो. जेवण निम्म्यावर आले. झोप मोडते. दाराची आगळ लावली की नाही ते उठून तीन-चार वेळा पाहतो. लावलेलीच असते. मुलगी माघात गेली तेव्हापासून हे आहे असे आईचे म्हणणे. तसे नाही. तेव्हा मी चांगला होतो, सगळी कामे केली. हे फाल्गुनापासून आहे.

टिकाराम परवा तुमच्याकडच्या बाजारातून परतला. रेल्वेच्या ग्यांगमधली त्याची सुट्टी संपत होती, म्हणून बसलादेखील नाही. उभ्यानेच तुझ्या वडिलांचा निरोप सांगितला:

"उदारामबुवा म्हणते, अखाजीपर्यंत जावाई येऊन बोलला तं बरं. नाई आला तं सोडचिठ्ठी करू अन् पोरीचा पाट लावून देऊ. एकवीस वर्साची पोरगी हाये, कायले बसवून ठेवाची?" मग स्वतःचे म्हणून पुढे म्हणाला, "का बे खेमा, तुहं तोंड कोणी शिवून टाकलं का?"

मी त्याला विचारले, ती स्वतः काही म्हणाली का. तो म्हणाला, तू आतून पाणी घेऊन आलीस आणि एवढेच बोललीस: "त्यायले विचारजा, त्यायले काई वाटते का नाई. तेवढंच सांगा म्हणा. बाकी काई नोको."

हे वाक्य मी कागदावर उतरवून घेतले आहे. विचार करून उत्तर देईन. घाईने चुकीचे उत्तर जायला नको. अखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, अजून सत्तावीस दिवस आहेत.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांगावा. पायाचे कळवावे.

तुझा
खेमराज


मु. आंबाटोला
ता. २२ एप्रिल १९३५, सोमवार

सौ. शामकला हीस आशीर्वाद. येथील सर्व ठीक.

तुझी चिठ्ठी मिळाली. "पाय बरे हायेत. लाखोरीची खबर मले नोको. इचारलं ते सांगा." अक्षर सुधारले आहे.

तू रागावली आहेस असे टिकारामने चिठ्ठी पाहून सांगितले. मी पुन्हा वाचली. मला त्यात राग दिसला नाही, तीन वाक्ये दिसली. पण तो म्हणतो म्हणजे असेल. लहानपणापासून या बाबतीत त्याचे बरोबर निघते आणि माझे चुकते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर डोके ताळ्यावर पाहिजे आणि डोके ताळ्यावर यायचे तर पोट बरे पाहिजे, असा विचार करून मी गुरुवारी टिकारामसोबत गाडीने गोंदियाला दवाखान्यात गेलो. डॉक्टर नवे आहेत, हिंदी बोलतात. मी घरून एक कागद लिहून नेला होता. कोणत्या वेळी दुखते, किती वेळ दुखते, काय खाल्ल्यावर जास्त, काय खाल्ल्यावर कमी. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि हसले.

"इतना साफ तो मेरा कंपाउंडर भी नहीं लिखता."

पोट दाबून पाहिले. जीभ पाहिली. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग कागदाची घडी करत विचारले, "घर में कुछ हुआ है क्या? कोई दुख? कोई मौत?"

मी म्हटले, "नहीं जी. सब ठीक है."

त्यांनी पांढऱ्या पुड्या दिल्या. मी बाहेर आलो. टिकाराम दाराशीच उभा होता, त्याने सगळे ऐकले होते. त्याने माझा दंड धरला तो अजून दुखतो.

"तू आत हे का बोललास?"

"काय बोललो?"

"सब ठीक है? अबे, खड्डा मी खणला. लेकरू तू आपल्या हातानं ठेवलं. बायको निंगून गेली. अन् तू डाक्टरले सांगतस, सब ठीक है?"

"त्यांनी पोटाचं विचारलं होतं."

"मौत म्हंजे का, ते तुले समजत नाई? शाळा तू शिकलास का मी?"

रांगेतले लोक पाहू लागले. त्याने मला तसेच ओढून परत आत नेले आणि डॉक्टरांना माघातले सगळे सांगितले. त्याची हिंदी तुला ठाऊकच आहे. "साहब, इसकी पोट्टी मर गई, चौदा महिने की, अन् ये रोया बी नहीं." डॉक्टरांनी हातातले काम खाली ठेवले.

"पहले क्यों नहीं बोले?"

मी टिकारामकडे पाहिले.

"रोए थे?"

"नहीं जी."

"किसी पर गुस्सा आया?"

"नहीं जी."

"तो फिर हुआ क्या?"

मी म्हटले, "पेट में दर्द हुआ."

मागे बाकावर एक म्हातारा बसला होता, तो हसला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पुड्या नेल्यास तरी चालेल, न नेल्यास तरी चालेल. हे पोटाचे नाही. घरच्यांशी बोल. मी पुड्या आणल्या.

शामकला, मी खोटे बोललो नाही, एवढे तू मान. लोकांना मी आता सांगतो की मला प्रश्न कळला नाही. पण तसे नाही, प्रश्न कळला होता. त्यांनी विचारले तेव्हा मी आत पाहिले. धानाच्या ढोलीत वाकून पाहतात तसे पाहिले. दुःख असेल तर ते दिसायला पाहिजे. काही दिसले नाही. म्हणून नाही म्हटले. पोट दुखते ते वेगळे आणि मुलगी गेली ते वेगळे, असे मला त्या क्षणापर्यंत अगदी स्पष्ट होते. अजूनही दोन्ही एकत्र धरायला गेलो की एक हातातून सुटते.

इतरांना हे कसे कळते ते पाहावे म्हणून आईला विचारले. ती सुपात मोहफुले घेऊन कचरा निवडत होती.

"बाबा गेले तेव्हा तुला काय वाटलं?"

"आता काऊन इचारतस? बारा वर्सं झाली."

"सांग ना."

"वाटाले येळ कोठी होता? रोवणी सुरू होती." सूप दोनदा पाखडले. मग म्हणाली, "चवथ्या दिसी भात रांधला तं एका माणसाचा जास्त निंगाला. तो बैलाले देला, अन् मग गोठ्यात बसून रडली मी. त्याच्या आंदी नाई."

मी विचारले, तेच दुःख हे तुला कसे कळले. तिने सूप खाली ठेवले.

"तुहा बाप बी असंच इचारे. त्या साली त्याचा भाऊ गेला होता. भावाचं नाव त्यानं एकदा बी काढलं नाई. सा महिने नुसतं पोट दाखवत फिरला. वैदाले दाखवलं, भगताले दाखवलं, सालेकशाच्या मास्तराले बी दाखवलं. मग एक दिस बैल धुवाले बोडीवर गेला."

तिने सूप पुन्हा उचलले. पुढचे मला ठाऊक आहे. बैल आपल्या पायांनी परत आले. मी चौथीत होतो, त्या दिवसापासून शाळा सुटली. तेव्हाच्या वहीत कारणाच्या रकान्यात 'पाण्यात पडून' असे आहे. मी ती वही मनिरामकडे नंतर पाहिली.

आई एवढेच म्हणाली, "तू बोडीकडे जात नोको जाऊ." मी जातो हे तिला कसे कळले ते ठाऊक नाही. मी फक्त काठावर उभा राहतो. तू घाबरू नकोस.

दवाखान्यातून सरळ घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून शेणखत टाकणे सुरू केले आहे.

उत्तर अजून तयार नाही. तेरा दिवस आहेत.

तुझा
खेमराज


मु. आंबाटोला
ता. ३० एप्रिल १९३५, मंगळवार

शामकला,

खुशाली वगैरे या वेळी लिहीत नाही. हे पत्र टिकाराम तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कोणाच्या नाही. त्याला तशी शपथ घातली आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात दवाखान्यातून सरळ घरी आलो असे लिहिले. ते खोटे आहे. रात्र गोंदियाला टिकारामच्या ओळखीच्या माणसाकडे काढली आणि सकाळी दोघे चालत गोरेगावला आलो. तो बाजाराचा दिवस होता. तू आणि वच्छलावहिनी कुंभाराच्या मडक्यांपुढे बसल्या होत्या. तू बोटाने मडके वाजवून कानाशी धरत होतीस. वहिनी काहीतरी बोलल्या आणि तू हसलीस. मी सुपाऱ्या विकणाऱ्याच्या पालामागे उभा होतो, चाळीस पावलांवर.

मला वाटले ताप भरला. कान तापले, गुडघे हलू लागले, तोंड कडू झाले. टिकाराम मला पाठीत ढकलत होता. "जा ना बे. बायको हाये तुही, वाघ नाई." मी म्हटले, मला हिवताप येतो आहे. त्याने कपाळाला हात लावला. "थंडगार हायेस. नदीतल्या गोट्यावानी." मी तरी म्हटले, ताप आहे. आणि आम्ही परत फिरलो. गोंदियाच्या टेसनावर तो म्हणाला, "ती हासली म्हून तुले ताप आला, एवढं तरी समजून घे, गाढवा." मी गाडीत बसून त्यावर विचार केला. त्याचे कदाचित बरोबर आहे.

आता माघातले.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी दुपारी मनिराम वही घेऊन आला. त्याला लिहिता येत नाही आणि नोंद लगेच करावी लागते. मी लिहिली. नाव गीता. वय चौदा महिने. कारण ताप. ओळ सरळ आली, शाई कोठे फुटली नाही. मनिराम म्हणाला, "खेमराजभाऊ, मोठे धीराचे तुमी. हात नाई हालला." मला ते शाबासकीसारखे वाटले. आत येऊन मी ते तुला सांगितले. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. तू वळून माझ्याकडे पाहिलेस. ती नजर मला तेव्हा वाचता आली नाही. तू थकली आहेस असे मला वाटले.

बाया येत होत्या. येईल ती तुझ्या गळ्यात पडून बोल गाऊन रडत होती आणि तूही तिच्या बोलात आपले बोल मिसळून रडत होतीस. मी ओसरीवरून ऐकत होतो. प्रत्येकीचे शब्द वेगळे होते आणि कोणीही अडखळत नव्हती. हे यांना कोणी शिकवले, असे मला वाटत राहिले. मला शिकवले असते तर मी पाठ केले असते.

आता फाल्गुनातले. हे मी तीन कागदांवर लिहून फाडले. हा चौथा.

फुले गळायच्या आधी मोहाखालचा पाला जाळतात, म्हणजे जमीन काळी आणि स्वच्छ होते व फुले वेचायला दिसतात. आपण दरवर्षी करतो. बाबा होते तेव्हापासून होळीच्या आठ-दहा दिवस आधी करतो. यंदा तो दिवस आला. मी पळसाची ओली फांदी घेतली, आग पसरू नये म्हणून कडेने पाला ओढून घेतला आणि पहिल्या झाडाखाली जाळ केला. तो विझल्यावर दुसऱ्या झाडाखाली केला. मग तिसऱ्या.

तिसऱ्या झाडाखाली ती आहे, हे मला ठाऊक होते. तूच म्हणाली होतीस तेथे ठेवा म्हणून. मोहाखाली लेकराला दूध मिळते असे जुन्या बाया म्हणतात. तडस उकरू नये म्हणून वर बोराटीचे काटे मीच रचले होते, मीच दगड ठेवले होते. महिनाही झाला नव्हता. मी विसरलो होतो असे लिहिले तर ते सोपे होईल. मी विसरलो नव्हतो. पण ते ठाऊक असणे आणि हातातला पलिता या दोघांची आत कोठे भेट झाली नाही. पहिले झाड झाले, दुसरे झाले, तिसरे राहिले होते. एवढेच डोक्यात होते.

जाळ काट्यांपर्यंत गेला तेव्हा माझे हात कापू लागले. मी बांधाकडे जाऊन ओकलो. धूर लागला असे मला वाटले. तोंड पुसून परत आलो आणि फांदीने जाळाच्या कडा सारख्या करू लागलो.

तेवढ्यात तू आंबील आणि पाण्याची घागर घेऊन आलीस. तू ओरडलीस की नाही ते मला आठवत नाही. घागर तू पालथी केलीस, ती पुरली नाही. मग तू अनवाणी त्या जाळात उभी राहून पायांनी काटे तुडवू लागलीस. आणि मी म्हटले ते तू विसरली नसशील. मी म्हटले, "प्याचं पाणी कायले सांडतस? संपतच आला जाळ."

तुझ्या बापाने तुला नेले नाही, तू भांडून गेली नाहीस, सासूने काही म्हटले नाही. गावात काही सांगोत. तू या वाक्यामुळे गेलीस. मला हे माहीत होते आणि दोन पत्रांत मी तुझ्या पायांना लावायचे तेल लिहिले, पाय का भाजले ते लिहिले नाही.

माझ्याजवळ बचाव नाही. मी दुष्टपणाने केले नाही हे खरे आहे, पण तुझ्या तळपायांना त्याने काय फरक पडला? ज्या दिवशी तुला कोणीतरी पाहिजे होते त्या दिवशी मी वहीत चांगले अक्षर काढले. ज्या दिवशी मी तिथे फांदी टाकून तुझ्यासोबत उभे राहायला पाहिजे होते, त्या दिवशी मी पाण्याचा हिशेब सांगितला. हे दोन दिवस परत येणार नाहीत. हे मला आता कळते. कळायला दोन महिने लागले, आणि तेही टिकारामने हात धरून ओढले तेव्हा.

गेल्या बुधवारची गोष्ट सांगतो. मोहाचा बहर संपला. तिसऱ्या झाडावर शेंड्याला थोडी फुले होती. मी सकाळी तेथे गेलो. जळलेली माती वरून खरवडून काढली, बांधावरची चांगली माती आणून घातली, दगड पुन्हा रचले. काम झाले तरी घरी जावेसे वाटेना, म्हणून बसलो. अधूनमधून एखादे फूल पडत होते. एक वाऱ्याने माझ्या गुडघ्यावर आले. ते हातात घेतले. तिचा अंगठा तोंडातून काढला की असाच मऊ आणि ओला असायचा. हे मी मुद्दाम आठवले नाही. ते आपोआप आले.

थोड्या वेळाने हनुवटीवरून पाणी ओघळले. मोहाचा रस गळतो आहे असे समजून मी वर पाहिले. माझ्या डोक्यावर फांदी नव्हती, मोकळे आकाश होते. मी गालाला हात लावून पाहिला. मग जिभेला लावला. खारट होते.

किती वेळ ते चालले ते सांगता येणार नाही. मी तेव्हा वेळ पाहिली नाही. घरी आल्यावर आईने तोंडाकडे पाहिले आणि ताट वाढले. पोटातला गोळा गेला नाही. पण तो कशाचा आहे हे आता मी सांगू शकतो, आणि गोंदियाच्या डॉक्टरांनी पुन्हा विचारले तर मी दुसरे उत्तर देईन.

बोडीकडे जाणे सोडले आहे. टिकारामला त्याबद्दल स्पष्ट सांगितले. तो ड्यूटीवर जाताना आणि येताना दारावरून हाक मारून जातो. मी ओ दिली नाही तर आत येतो. परवा मी जेवत होतो म्हणून ओ दिली नाही, तर फावडे घेऊनच आत आला. आई हसली. त्यामुळे माझी काळजी तू करू नकोस, आणि त्या काळजीने काही ठरवू नकोस.

रविवारी अखाजीला मी येतो. टिकाराम सोबत असेल. तुमच्या ओसरीवर पंच बसतील, तुझे वडील मला विचारतील, आणि मी काय बोलेन याचा मला भरवसा नाही. दहा माणसांपुढे माझी जीभ कामाच्याच गोष्टी बोलते. कदाचित मी एक शब्दही बोलणार नाही. म्हणून जे बोलायचे ते आधी लिहून पाठवीत आहे. वाटले तर हे पत्र त्यांच्यापुढे वाच, फाल्गुनातलेही वाच. वाटले नाही तर चुलीत घाल.

तू परत ये, असे मी या पत्रात लिहीत नाही. ते मागायचा माझा हक्क त्या जाळात गेला. तू पाटाला हो म्हणालीस तर मी मध्ये उभा राहणार नाही, सोडचिठ्ठीवर अंगठा नाही, पूर्ण सही करून देईन. माणूस नीट पाहून घे म्हणजे झाले. जो तुझ्यासोबत रडेल असा.

पण ठरवताना एवढे मनात धर. तू विचारले होतेस, मला काही वाटते की नाही. वाटते. तेव्हाही वाटत होते. ती गेली तेव्हा वाटत होते, वही लिहिताना वाटत होते, जाळाच्या कडा सारख्या करताना वाटत होते. मला ते ओळखू आले नाही. ते पोटात होते, हातात होते, गुडघ्यांत होते, आणि मी प्रत्येक वेळी त्याला दुसरे नाव दिले. माझ्या नवऱ्याला काही वाटलेच नाही, असे समजून तू तुमच्या ओसरीवरून उठू नकोस. तेवढे एक खरे नाही.

रविवारी तू बाहेर आली नाहीस तरी मला कळेल. कोणी समजावून सांगायला नको.

गीताचा बाप
खेमराज